मागे फिरलेला आकडा

मलकापूरकराला आकडा शिकवायला जाऊ नये. (कऱ्हाडला खेटून असलेलं मलकापूर म्हणतोय मी. बुलढाण्याचं वेगळं, शाहूवाडीचं वेगळं. कुरिअरवाल्यांना हे अजून पटलेलं नाही.) चोवीस तास नळाला पाणी आणि नळाला मीटर, हा कारभार करून दाखवून ज्या गावानं देशभर नाव काढलं, तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की आकडा पुढंच जातो. मागं आला तर समजावं, कुणीतरी मीटरशी खेळलंय.

आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेतला वायफाय नेमका इथंच अडकला.

अभ्यासिका म्हणजे पार्किंगशेजारची खोली. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका सभासदाच्या भाच्यानं डेबियन लिनक्स टाकून त्याचाच ॲक्सेस पॉइंट केला. हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव होस्टएपीडी. फिनलंडचा जूनी मालिनेन नावाचा गृहस्थ वीसहून जास्त वर्षं तो सांभाळतोय, आणि जगाला फुकट देतोय. फुकट हा शब्द ऐकल्याबरोबर खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फुकटात माणूस कुठं मारला जातो, हे त्यांना प्लॉटच्या व्यवहारातनं कळलेलं आहे. शिवाय हा प्रोग्राम नव्यानं बसवला की डेबियन त्याला आधी ‘मास्क’ करून ठेवतं. तो काढल्याशिवाय गडी कामाला लागत नाही. 2019 च्या डेबियन 10 मध्येही हे होतं, म्हणजे कोरोनाच्या आधी.

भाचा पुढं हिंजवडीला लागला. यंदा गणपतीला आला तेव्हा त्यानं मनावर घेतलं आणि एका रात्रीत डेबियन 11 चं 12 केलं. असं करताना मध्येच पडदा थांबतो आणि विचारतो, सेटिंगची फाइल नवी घेऊ, की तुमची जुनीच ठेवू? काही न बोलता नुसतं एंटर दाबलं, तर जुनीच राहते. हा प्रश्न ज्यानं लिहिला, त्यानं उमेदीची काही वर्षं सहकारी संस्थेत काढलेली असणार.

वायफाय सुरू झाला. पोरं खूश. भाच्यानं ग्रुपवर टाकलं : होस्टएपीडी 2.9 होतं, ते 2.10 केलं.

सकाळी सात वाजता निवृत्त गणिताच्या गुरुजींचं उत्तर आलं. ‘2.10 म्हणजे 2.1. दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, हे मी सातवीला शिकवत होतो. नवावरून एकावर आणलंत, याला अपग्रेड म्हणतात का?’

रविवारी मीटिंग. भाचा म्हणाला, ‘गुरुजी, तो दशांश नाही. गट नंबरासारखं आहे. 2/9 च्या पुढं 2/10 येतो.’ गुरुजी कदाचित ऐकलेही असते. पण गट नंबर म्हटल्यावर मागच्या खुर्चीवर पेंगणारे तात्या ताठ झाले. ‘पोटहिस्सा पडला व्हय? मग मोजणी कुणी आणली? शेजाऱ्याला नोटीस दिली का?’ पुढची वीस मिनिटं वायफाय बाजूला राहिला आणि तात्यांच्या बांधाची केस चालली.

भाच्यानं नेट धरला. 2.10 ही जानेवारी 2022 ची आवृत्ती. डब्ल्यूपीए3 मध्ये मोबाइल आणि यंत्र एकमेकांची ओळख पटवतात, तेव्हा बाहेरून कानोसा घेता येईल अशा फटी तिच्यात आणखी बुजवल्या आहेत, असं त्यानं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘ते राहू दे. आकडा वाढला की नाही एवढं सांग.’

इथं पोराचं चुकलं. त्यानं खरं सांगितलं. म्हणाला, आकडा न वाढताही दुरुस्ती होते. 16 ऑक्टोबर 2017 ला बेल्जियमच्या लूव्हन विद्यापीठातल्या मॅथी वानहोफनं डब्ल्यूपीए2 मधला ‘क्रॅक’ नावाचा घोटाळा उघड केला. डेबियननं त्याच दिवशी दुरुस्ती दिली. पण तेव्हाच्या डेबियन 9 मधलं होस्टएपीडी 2.4 होतं, ते 2.4 च राहिलं. मालिनेनकडं तर 2.6 वर्षभर आधीच आलं होतं. सदरा तोच, आतून रफू.

खोलीत शांतता पसरली. आकडा वाढतो तेव्हा तो कमी झालेला असतो, आणि काम होतं तेव्हा आकडा हलतच नाही. खजिनदारांनी चष्मा परत चढवला. ‘मग ऑडिटरला दाखवायचं काय?’

मला विचाराल तर हा प्रश्न एकट्या आमच्या सोसायटीचा नाही. दर वर्षी नवा नंबर लागलेला मोबाइल हप्त्यावर आणणारा, आणि जुन्या मोबाइलवर आलेला सुरक्षेचा अपडेट ‘नंतर’ म्हणून सरकवणारा माणूस एकच असतो. मीही तोच. हा मजकूर लिहितोय त्या कॉम्प्युटरनं मंगळवारपासून तीनदा विचारलंय.

शेवटी ठराव झाला तो असा : ‘होस्टएपीडीची आवृत्ती 2.9 वरून 2.1 पर्यंत घसरल्याबाबत खुलासा मागवण्यात यावा, व तोपर्यंत वायफाय आहे तसाच चालू ठेवावा.’ सूचक गुरुजी, अनुमोदक तात्या.

जाता जाता भाच्यानं हळूच विचारलं, पासवर्ड तरी बदलू का? कमीत कमी आठ अक्षरं लागतात, त्रेसष्टपर्यंत घेता येतात. विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता. पासवर्ड बिल्डरच्या काळापासून एक ते आठ असाच आहे, आणि वॉचमनच्या केबिनवर ऑइलपेंटनं लिहिलेला आहे.