बंदोबस्त भावकीचा

पेण-रोह्याकडची माणसं समाजमाध्यमांवर बेसावध असतात, असं कोणी म्हणू नये. धोका कोणापासून आहे, हे फक्त त्यांनी आपापलं ठरवलेलं आहे. हॅकर कुठेतरी लांब राहतो; चुलतवहिनी समोरच्याच आळीत. तेव्हा बंदोबस्त वहिनीचा.

स्टेटस दिसणार ‘अमुक-तमुक सोडून’ बाकीच्यांना. डीपी कुलपात. हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत तर श्रावण लागला की ‘लास्ट सीन’च मावळतं, कारण मंडळवाले रोज विचारतात, “डोळे आखून झाले का?” पेणच्या मूर्तीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मूर्तिकार कुठे आहे, ते बाप्पालाच ठाऊक.

एवढं सगळं कडेकोट केल्यावर पेण स्थानकाच्या पाटीखाली फोटो काढायचा, ‘सहकुटुंब आठ दिवस गोवा’ असं लिहायचं आणि तो साऱ्या जगाला खुला ठेवायचा. साडी कितीची, हे गुपित. घराला कुलूप आहे, हे जाहीर.

ओळखीवर मात्र आपला भारी विश्वास. पेण अर्बन बँक ओळखीतलीच होती. २०१० साली तिथला घोटाळा बाहेर आला आणि ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. त्यातून आपण एवढंच शिकलो, की बँकेच्या कागदावर सही करताना तीनदा वाचावं. पण ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची एपीके फाइल आली, की लग्न कोणाचं हेही न विचारता ती उघडावी. मुहूर्त आपलं खातं रिकामं होण्याचा निघतो.

रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. त्याच रोह्यात व्हिडिओ कॉलवर अनोळखी खाकी दिसली, की आपणच ताडकन उभे! ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे कॉलवरच अटक, असं काही कायद्यात नाही, हे सरकारनं कॉलर ट्यूनमधूनही सांगून पाहिलं. ती ट्यून कधी एकदा संपते, म्हणून आपण वैतागत बसलो.

पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जेवढी घाई, तेवढी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. पण आपल्याला आधी दुसरीच काळजी: “भावकीत कळलं तर?” मग दोन दिवस तोंड मिटून काढायचे. तेवढ्यात पैसे चार खाती फिरून पसार. चोराला यात वेगळी मेहनत पडत नाही. त्याची गुप्तता आपणच सांभाळलेली असते.