बंदी हाय, म्हून तं महाग!

वऱ्हाडात पाऊस चुकेल, पीकविमा चुकेल. पण जुलैत गुटखाबंदीचा आदेश चुकत नाही. या मालिकेतला पहिला निघाला 2012 मध्ये. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 30 नुसार आयुक्तांना एका वेळी फार तर एक वर्षाची बंदी घालता येते. म्हणून दर साली नवा आदेश, नवी सही.

आता अकोल्यातल्या नाहीतर अमरावतीतल्या कुठल्याही पानठेल्यावर उभं राहा.

"भाऊ, हाय का?"

"बंदी हाय नं बावा!" म्हणता म्हणता ठेलेवाल्याचा हात खाली जातो नि पुडी वर येते.

"मंग छापल्यापरीस जास्त कायले घेतं?"

"सांगतलं नं, बंदी हाय!"

बाजूला पोरगं पन्नीवर खर्रा घोटत असतं. खर्ऱ्यातल्या सुगंधित तंबाखूवरही हीच बंदी आहे. सुगंध मात्र चौकभर.

हाच कायदा गिला वड्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभा असतो. बिलावर परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवा. खुल्या मिठाईवर 1 ऑक्टोबर 2020 पासून 'कधीपर्यंत खावी' ती तारीख हवी. वडा वर्तमानपत्रात बांधायचा नाही, शाई पोटात जाते. (हे सदर खाद्यपदार्थांच्या सहवासास अयोग्य आहे, हे 2018 च्या नियमांतच आलंय.) सगळं रास्तच. शिळ्या वड्यानं माणूस दोन दिवस आडवा होतो नि तिसऱ्या दिवशी भांडायला येतो. खर्ऱ्यानं हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. भांडणार कोण?

मधूनमधून मध्य प्रदेशाकडून येणारी गाडी धरली जाते. तिथं तर आपल्याही आधी, 2012 च्या एप्रिलपासून बंदी आहे! म्हणजे जिथं मिळत नाही तिथून निघालेला माल, जिथं विकत नाहीत तिथं पोचतो. मग फोटो : मागं पोती, पुढं साहेब. नमुना प्रयोगशाळेत. विश्लेषकाला कायद्यानं 14 दिवस दिलेत. गुटखा हा गुटखाच आहे का, हे घाईत ठरवून कसं चालेल? अहवालावर अपीलही आहे. तोवर चालक सापडलेला असतो. मालक कोण, हे विचारायला मात्र पुढली गाडी धरावी लागते.

अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800222365. तोंड उघडतंय तोवर फोन करा.