लिपस्टिकवाल्या काकूंची बाजू

नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा गुळगुळीत कॅटलॉग अशा थाटात एखाद्या काकू लिफ्टमध्ये शिरल्या, की आतली मंडळी मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. काहींना जिना आठवतो. डॉक्टरांनी दहादा सांगूनही न चालणारी माणसं चौथा मजला पायी गाठतात. शेजाऱ्यांच्या तब्येतीला लागलेला हा हातभार कुठल्याच कमिशनमध्ये धरला जात नाही.

साखळी पद्धतीने क्रीम-पावडर विकणाऱ्यांची टिंगल फुकट करता येते, म्हणून सगळेच करतात. त्यांचं वकीलपत्र मात्र कुणी घेत नाही.

खरं तर या धंद्याला नाशिकच्या हवेचीच साथ आहे. निफाडला पारा घसरल्याची बातमी आली, की इंदिरानगर-सिडकोपर्यंत ओठ फुटतात, टाचा भेगाळतात आणि काकूंची पिशवी फुगते. त्यांचं शेड दाखवणं तर बघत राहावं. मनगटाच्या आतल्या बाजूला एकाखाली एक चार रेघा ओढायच्या आणि गिऱ्हाइकाचा हात धरून तिला गॅलरीत न्यायचं, कारण "ट्यूबलाइटमध्ये सगळं मरूनच दिसतं हो!" मॉलमधली काळ्या ड्रेसातली मुलगी म्हणते, "मॅम, तुम्हाला काहीही सूट होतं." काकू म्हणतात, "हा नको, यात आजारी दिसतेस." काकूंना खोटं बोलणं परवडत नाही. संध्याकाळी हेच गिऱ्हाईक भाजीवाल्यापाशी भेटणार असतं, आणि तेही उजेडात.

या पंथाची सुरुवात अमेरिकेत झाली, तीही पुस्तकांपासून. डेव्हिड मॅकॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तकं विकायचा आणि बायकांनी दार लावून घेऊ नये म्हणून सोबत अत्तराची छोटी बाटली द्यायचा. बायका अत्तर ठेवून घेत, पुस्तक परत करत. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशिकला हे ऐकून वाईट वाटेल, पण मॅकॉनेलला ते लगेच उमगलं. त्याने १८८६ मध्ये अत्तराची कंपनी काढली, तीच पुढे एव्हॉन झाली. तिच्या पहिल्या विक्रेत्या मिसेस अल्बी. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांतल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला तेव्हा आणखी चौतीस वर्षं होती. कमिशन आधी मिळालं.

भारतात ओरिफ्लेम १९९५ मध्ये आली, ॲमवेचा कारभार १९९८ मध्ये सुरू झाला. दुकानाचं भाडं नको, पदवीचा कागद नको, दुपारी मुलं शाळेत असताना करता येईल असं काम. 'बाहेर' कामाला जायची परवानगी नसलेल्या घरांतही शेजारच्या विंगमध्ये जायला कुणाची ना नव्हती.

आता आक्षेप. लोक काकूंना सरळ केबीसीच्या रांगेत बसवतात, आणि इथे अन्याय होतो. नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेडवर २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले. सूत्रधार सिंगापूरला गेला आणि २०१६ मध्ये मुंबई विमानतळावर उतरताच पकडला गेला. तिथे माल म्हणजे वाढवून मिळणाऱ्या पैशांचं आश्वासन. काकूंच्या पिशवीत निदान ट्यूब तरी असते, तिच्यावर एक्स्पायरी डेट असते, आणि काकू सिंगापूरला पळत नाहीत. फार तर भिशीला गैरहजर राहतात.

सरकारनेही २०२१ च्या अखेरीस थेट विक्रीचे नियम काढले. पिरॅमिड योजनांना बंदी आली. विक्रेत्याने ओळखपत्र दाखवावं, येण्याआधी वेळ ठरवावी आणि सुरुवातीलाच येण्याचा हेतू खरा सांगावा, असंही त्यात आहे. नियम करणाऱ्यांच्या सोसायटीत हळदीकुंकू होत नसावं. तिथे "सहज आले होते" म्हणत आलेल्या काकूंचा हेतू चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत कुणी विचारत नाही.

वकीलपत्र घेतलं म्हणून काकूंच्या अपलाइनचं घेतलंय असं नव्हे. हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावून पांढऱ्या फळ्यावर गोल काढणारा, गोलाखाली आणखी गोल लटकवणारा आणि शेवटच्या गोलापाशी परदेशवारी ठेवणारा सद्गृहस्थ वेगळा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७९ मध्ये ॲमवे ही पिरॅमिड नाही असा निकाल दिला, पण कमाईचे फुगवलेले आकडे सांगू नका असंही बजावलं. ते बजावणं काही हॉलपर्यंत अजून पोचलेलं नाही.

आणि फसवणूक झालीच तर ती बहुतेक वेळा काकूंचीच होते. महिनाअखेरीला पॉइंट कमी पडले, की डाउनलाइनमधली जाऊ फोन उचलत नाही, नणंद "पुढच्या महिन्यात बघू" म्हणते. मग काकू उरलेला माल स्वतःच विकत घेतात. बेडरूमच्या कपाटात साड्यांखाली फेसवॉश, शाम्पू, अँटी-एजिंग क्रीम यांचा साठा वाढत जातो आणि वयोमानानुसार क्रीमच आधी संपायला टेकतं. काका कुंकवाच्या धन्याला शोभेल असं गप्प राहून कोरफडीच्या शाम्पूने टक्कल धुतात.

संक्रांतीला या साठ्याला वाट मिळते. यंदा प्लास्टिकचा डबा नाही, चाळणी नाही. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला वाण म्हणून हँड क्रीमची छोटी ट्यूब. तिळगूळ देताना गोड बोलायचं असतं, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही. घरी जाऊन ट्यूब उलटी केली की मागे काकूंच्या मोबाइल नंबरचं स्टिकर असतं. ते नेमकं एक्स्पायरी डेटवर चिकटवलेलं असतं.