विहीणबाईंसाठी पॉट रोस्ट: नवशिक्यांकरता

लेकीने अमेरिकन मुलाशी लग्न केलं, बेसमेंटमध्ये हळदही लागली, आणि आता येत्या रविवारी व्याही-विहीणबाई तुमच्याकडे जेवायला येणार आहेत. मागच्या खेपेला पुरणपोळीचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि अर्धी पानात ठेवली. या खेपेला त्यांच्याच मुलखातलं मायेचं जेवण करा. निघताना विहीणबाईंनी कोट चढवत म्हणायला हवं, "इतका त्रास कशाला घेतलात?" त्रास घ्यायचा नाहीच, तो दिसला म्हणजे झालं.

१. 'मिसिसिपी रोस्ट' नावाचा पॉट रोस्ट करा. १९९०च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या रिपली गावच्या रॉबिन चॅपमन यांनी घरच्यांना तिखट लागू नये म्हणून हा बेताचा प्रकार काढला आणि बघता बघता तो देशभर पसरला. २०१६मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मसाल्याच्या तयार पाकिटांना फाटा देऊन सगळं घरी कालवायची सुधारित आवृत्ती छापली. ती अवश्य वाचा, मान डोलवा आणि बाजूला ठेवा.

२. सामान आणा. बीफचा 'चक रोस्ट', म्हणजे खांद्याकडचा भाग, दीडेक किलो. रँच ड्रेसिंगचं एक पाकीट, 'ओ जू' ग्रेव्हीचं एक पाकीट, लोण्याची एक अख्खी कांडी (११३ ग्रॅम) आणि बाटलीतल्या पाच-सहा पेपरोनचिनी. या आंबट पिवळ्या मिरच्या. आपल्या लवंगीला त्यांची दया येईल.

३. मांस फ्रीझरमधून एक-दोन दिवस आधीच खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. गोठलेला दगड स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, टाकू नका, असं अमेरिकेचं कृषी खातंही बजावतं. तो तापायला इतका वेळ घेतो की तोवर जंतूंचं फावतं. या लेखातला हा एकच सल्ला थट्टेवारी न नेता पाळा.

४. आता मुख्य स्वयंपाक. मांस स्लो कुकरमध्ये ठेवा. वरून दोन्ही पाकिटं भुरभुरा, लोण्याची कांडी ठेवा, मिरच्या टाका, झाकण लावा. 'लो'वर आठ तास. संपलं. 'हाय'वर चारेक तासांत उरकतं, पण मग श्रेयही निम्मंच मिळतं.

इथे मराठी हात शिवशिवतील. पाणी घालावंसं वाटेल; घालू नका, मांसाला स्वतःचं पुरेसं सुटतं. आलं-लसूण वाटण फ्रिजमधून हाका मारील. ओ देऊ नका. सगळ्यात अवघड म्हणजे हा कुकर शिट्टीच देत नाही. तीन शिट्ट्यांवर वाढलेल्या माणसाने आठ तास नुसतं बसायचं कसं, याला उपाय नाही, माझी फक्त सहानुभूती आहे. झाकण उचलून डोकावू नका. दर डोकावण्याला वीस-तीस मिनिटं वाढतात, कारण कोंडलेली वाफ निसटते आणि हा गरीब हीटर ती सावकाश परत जमवतो.

५. मधल्या वेळात पुरावे तयार करा. खरं कौशल्य इथेच लागतं. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी एक कांदा परतून घरभर वास पसरवा. कढई घासू नका. सिंकमध्ये चार पातेली खरकटी दिसली पाहिजेत. नसतील तर सकाळच्या चहाची आणि पोह्यांची चालतील. कपाळावर एक बट सुटू द्या. सांगलीला आईशी व्हिडिओ कॉल असेल तर कॅमेरा हॉलकडे वळवा, सगळ्यांना सगळं समजावत बसायला आज वेळ नाही.

६. "दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही," असं सहज बोलून जा. कारण विचारलं तर 'धिस इज अस' मालिकेचं नाव घ्या. २०१८च्या जानेवारीत तिच्यातलं घर जुन्या स्लो कुकरमुळे पेटलेलं दाखवलं आणि प्रेक्षक इतके हादरले की 'क्रॉक-पॉट' हा स्लो कुकर बनवणाऱ्यांना आपलं यंत्र सुरक्षित असल्याचा खुलासा करत फिरावं लागलं. तुम्ही त्या वेळी मॉलमध्ये होतात हे कुणाला कळणार आहे?

७. यंत्र लपवा. मांस काट्याने नुसतं हलवलं तरी धागे सुटतात, कारण त्यातल्या चिवट कोलॅजेनचं एव्हाना जिलेटिन झालेलं असतं. ते सगळं बिडाच्या जड, रंगीत भांड्यात ओता आणि दोन्ही हातांनी, किंचित धापा टाकत टेबलावर आणा. सोबत मॅश केलेले बटाटे. तुम्ही स्वतः बीफ खात नसाल तर आपल्यापुरता वरणभात लावा. संध्याकाळभरात खरी मेहनत फक्त त्यालाच पडेल.

८. व्याह्यांना स्लो कुकर दिसलाच तर इतिहास सांगा. अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४०मध्ये याचं पेटंट मिळालं. त्यांची आई लिथुआनियातल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची: ज्यूंच्या सब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी चोलंट या रश्श्याचं भांडं गावच्या भट्टीत ठेवायचं, रात्रभर उरलेल्या धगीवर ते शिजायचं. १९७०मध्ये रायव्हल कंपनीने ही कल्पना विकत घेतली आणि पुढच्या वर्षी 'क्रॉक-पॉट' बाजारात आला. एवढं ऐकल्यावर पाकिटांबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही.

९. विहीणबाई हात हलवत येणार नाहीत. काचेच्या चौकोनी भांड्यात, फॉइल लावून, ग्रीन बीन कॅसरोल येईल. "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होतं हे," असंही त्या म्हणतील. हा पदार्थ १९५५मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी जुळवला: मशरूम सूपचा एक डबा, घेवड्याच्या शेंगा आणि वर तळलेल्या कांद्याचा दुसरा डबा. डोळे मोठे करा. दुसऱ्यांदा वाढून घ्या.

तुमच्या रोस्टची पाककृती त्यांनी मागितली तर "अंदाजानेच करते हो," म्हणून हसा. त्यांची मात्र मागू नका. नातं अजून नवं आहे.