लहानपण जपणारं शहर

पुण्याच्या वाहतुकीला कंटाळून लहान शहरात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांनी कोल्हापूरचाच विचार करावा, अशी आमची नम्र शिफारस आहे. लहानपण टिकवण्याची कला या शहराइतकी कुणालाच साधलेली नाही. 1972 साली महापालिका झाली. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी हद्द जागची हलली नाही. उलट पुणं बघा, 2017 मध्ये 11 गावं आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं गिळून बसलं. आमच्याकडे हद्दवाढीचा प्रस्ताव निघतो, शेजारची गावं बंद पुकारतात आणि प्रस्ताव पुन्हा कपाटात जातो. संयम म्हणतात तो हाच.

तोटाही सांगितला पाहिजे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगा शहरात शिरली. उपाय सोपा आहे. हद्द वाढवता येत नसेल तर घटवावी. ती भर शहरातल्या बिंदू चौकापर्यंत आत ओढली, की महापूर हा आपोआप ग्रामीण भागाचा प्रश्न होईल. खड्डेही बरेचसे बाहेर राहतील.

राहता राहिलं घर. ते हद्दीबाहेरच्या पाचगाव, उचगाव, कळंब्याकडे बघावं. पत्त्यात कोल्हापूर लिहायचं, भाजीला केएमटीच्या बसने कपिलतीर्थ मार्केटात यायचं, घरफाळा मात्र ग्रामपंचायतीत भरायचा. लहान शहर शोधत निघालेला पुणेकर असा थेट खेड्यात पोहोचतो, तोही लिफ्टने. कचऱ्याची तक्रार असल्यास सरपंचांना भेटावं. महापौरांचा आपल्याशी काही संबंध नाही.