नव्या वायफायला जुना स्पीकर जोडणे : करवीरवासीयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कंपनीच्या पुस्तिकेला पर्याय म्हणून लिहिलेलं नाही. पुस्तिका उत्तमच असणार. पण ती डब्यात आहे, डबा माळ्यावर आहे आणि माळ्यावर चढायची शिडी गल्लीतल्या मंडळानं मांडवासाठी नेली आहे. अनंत चतुर्दशीच्या आत ती परत येत नसते. तोवर बोलक्या स्पीकरनं मुकं बसावं हे घराला परवडणारं नाही, कारण पहाटेचा गजर, कुकरची वेळ आणि आण्णांची भजनं ही तिन्ही खाती त्याच्याकडे आहेत.

पूर्वपीठिका अशी, की जुन्या केबलवाल्याचं इंटरनेट सोडून घरात फायबर आलेलं आहे. फायबरवाल्या पोरानं खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीच्या फटीतून वायर आत ओढली, सोप्यात देवाच्या फोटोशेजारी राऊटर ठोकला आणि "झालं काकी, आता नुसतं पळतंय" म्हणून गाडीला किक मारली. फोन खरोखर पळतात. टीव्ही पळतो. स्पीकर तेवढा जागचा हलत नाही.

त्याचा दोष नाही. जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्यानं एकदा पाठ केला आणि तो अजून त्याच नावाला हाका मारतो आहे. नवं नाव कोणीतरी सांगायला हवं. पण त्याला ना पडदा, ना टाइप करायला बटणं, आणि पासवर्ड तोंडी सांगितलेला चालत नाही. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला आहे. ठरावीक बटण दाबून धरलं की स्पीकर स्वतःचंच एक तात्पुरतं वायफाय उभं करतो. मोबाईलनं त्यात शिरायचं, घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड त्याच्या हवाली करायचा, की तात्पुरता संसार मोडून तो नव्या घरी नांदायला जातो. काही मॉडेलं हीच बोलणी ब्लूटूथवर करतात. काही का असेना, मध्यस्थ लागतो.

मध्यस्थ पुण्यात असतो. दिवाळीला येताना त्यानं स्पीकर आणला, स्वतःच्या खात्यावर चालू केला, आईला दोन वाक्यं शिकवली आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं तो हिंजवडीला गेला. त्यामुळे कागदोपत्री स्पीकर त्याचा आहे, कोल्हापुरात तो नुसता राहायला आहे. आई भाकरी थापता थापता यादीत जे घालायला सांगते ते सगळं पुण्याच्या फोनवर उमटतं, आणि ऐन मीटिंगमध्ये चिरंजिवांना कळतं की घरात सुकं खोबरं संपलेलं आहे.

जोडणी करणारा फोन मात्र स्पीकरजवळच हवा. म्हणजे आईच्या फोनवर ॲप घ्यायचं, त्यात मुलाचं खातं उघडायचं आणि त्यासाठी लागणारा ओटीपी पुण्याहून मागवायचा. या टप्प्याची भाषा आधीच माहीत असावी म्हणून नमुना देतो.

"आई, ॲप उघड. लोकेशन मागेल, हो म्हण."

"लोकेशन कशाला? मी हितंच हाय की. कुठं जातो?"

"ब्लूटूथ पण चालू कर."

"त्ये आण्णांच्या कानातल्या मशीनला लागलंय."

"बरं. ओटीपी आलाय बघ मला, पण आत्ता कॉलवर आहे. नंतर सांगतो."

ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं आणि हिंजवडीतल्या कॉलचं आयुष्य तासाभराचं. म्हणून हे काम पुण्याच्या जेवणाच्या सुट्टीत करावं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना असेल तो दिवस तर टाळावाच. ॲपमधली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचू शकणारी घरातली सगळी पिढी त्या वेळी स्टेडियमच्या पायऱ्यांवर असते.

आता प्रत्यक्ष कृती. अलेक्साचा स्पीकर असेल तर त्याच्यावरचं ठिपक्याचं बटण दाबून धरावं, कडं नारिंगी होईपर्यंत. जुन्या मॉडेलांना पाचेक सेकंद पुरतात, नंतरच्यांना पंधरा लागतात. पंधरा सेकंद गप्प उभं राहणं आपल्या स्वभावात नाही. सहाव्या सेकंदाला कोणीतरी "सोड आता, जळंल" म्हणतंच. सोडू नये. कडं लाल झालं तर शेजारचं बटण दाबलं गेलं आहे असं समजावं. लाल म्हणजे माईक बंद, राग नव्हे. घरात भावकीच्या जमिनीचा विषय निघाल्यावर लाल कडं मुद्दाम करून ठेवणारी चतुर माणसंही आहेत, त्यांना हे बटण शिकवावं लागत नाही. गुगलचा स्पीकर असेल तर त्याच्या ॲपमध्ये जाऊन त्याला आधी जुनं वायफाय विसरायला लावावं आणि मग पहिल्यापासून मांडामांड करावी.

नारिंगी कडं फिरू लागलं की मोबाईल स्पीकरच्या तात्पुरत्या वायफायमध्ये शिरतो आणि लगेच घाबरून विचारतो की इथे इंटरनेट नाही, तरी राहू का. बहुतेक घरांतली जोडणी इथेच मोडते. इंटरनेट नसलेल्या जागी राहायचं कशाला, या व्यवहारी विचारानं काकी "नाही" दाबतात. इथे "हो" दाबायचं असतं. दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

पुढे ॲप आसपासच्या वायफायांची यादी दाखवतं. ही यादी म्हणजे अख्ख्या गल्लीचा परिचय. तालमीचं नाव, आडनावं, कोणाचं तरी "फुकट मागू नये", आणि एखादा भाडेकरू ज्यानं राऊटरच्या डब्यावरचं नाव तसंच ठेवलंय. यात आपलं नाव दोनदा दिसेल, एक साधं आणि एक शेपटीला "५जी" लावलेलं. मोबाईलच्या ५जीशी या शेपटीचा काही संबंध नाही, ती ५ गिगाहर्ट्झची खूण आहे. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं असतं. पाच मोठे म्हणून पाच निवडायचे, हा हिशेब बाजारात ठीक. इथे पाचाची लहर वेगवान पण भिंतीपुढे हात टेकणारी, आणि २.४ची जरा संथ पण भिंतीतून पलीकडे जाणारी. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड आहेत. राऊटर सोप्यात, स्पीकर माजघर ओलांडून स्वयंपाकघरात, असा मामला असेल तर निमूट २.४ घ्यावं. बोलून पेटणारे बल्ब आणि प्लग आणले असतील तर त्यांना बहुधा पाचाची लहर दिसतच नाही. उलट मायक्रोवेव्ह याच २.४च्या आसपास तापतो, त्यामुळे तो चालू असताना गाणं अडखळू शकतं. मिक्सरचं तसं नाही, त्याच्यापुढे स्पीकरचे कानच चालत नाहीत. तांबड्या रश्श्याचं वाटण फिरत असताना त्याला काही विचारू नये, घरातल्या माणसांनासुद्धा आपण विचारत नाही.

पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो, पण तो मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या. नवा पासवर्ड फायबरवाल्या पोरानं ठेवलेला आहे आणि तो बहुधा आण्णांचा मोबाईल नंबर आहे, कारण किमान आठ अक्षरं-आकडे लागतात आणि नंबर दहा आकडी असतो. इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड असेल तर लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळावा. पहिलं अक्षर मोठं करून देण्याची मोबाईलला सवय आहे, आणि या सभ्यतेपायी अनेक पासवर्ड चुकतात.

खरं तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. नव्या राऊटरला जुन्याच राऊटरचं नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच द्यायचा. स्पीकर, टीव्ही, बल्ब, पाहुण्यांचे फोन यांच्यापैकी एकालाही मालक बदलल्याचं कळत नाही, सगळे आपापले येऊन चिकटतात. फायबरवाल्या पोराला उंबऱ्यातच एवढं सांगितलं की काम झालं. कोल्हापुरात हा उपाय फारसा चालत नाही याचं कारण तांत्रिक नाही. पैसे भरून नवं घेतलं आणि नाव जुनंच, हे आण्णांना पटत नाही. त्यांना नाव मराठीत हवं आणि खणखणीत हवं. इथे एक अडचण सांगून ठेवतो. वायफायच्या नावाला एकूण बत्तीस बाइटांची जागा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची मोजणी वेगळी. त्यामुळे "जगात भारी कोल्हापुरी" त्यात मावत नाही, जवळजवळ दुप्पट जागा मागतं. "नाद खुळा" बावीस बाइटांत आरामात बसतं. गल्लीत आधीच तीन "नाद खुळा" असतील तर चौथ्याचा पासवर्ड कुठे टाकतो आहोत ते नीट पाहावं.

जोडणी झाल्याची चाचणी घ्यायची असते. पुस्तिका म्हणते, हवामान विचारा. आपल्याकडे जुलैत हवामान खिडकीतून दिसतं, विचारायची असते ती राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं, आणि २०१९ च्या महापुरानंतर तर झोपेतही. हा प्रश्न स्पीकरला हिंदीत घालावा लागतो. अलेक्साबाई २०१७ मध्ये आपल्या देशात आली ती इंग्रजी घेऊन, २०१९ मध्ये हिंदी शिकली. "अलेक्सा, पंचगंगा का पानी कितना फूट हुआ, सांग की" या हिंदीवर ती थोडा विचार करते आणि गंगेविषयी पुष्कळ आणि खरी माहिती देते. फुटांचा आकडा शेवटी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच येतो.

म्हणून चाचणी गाण्यानं घ्यावी, आणि गाणंही कोल्हापूरच्या नात्यातलं असावं. अल्लादिया खाँसाहेब इथल्या दरबारात होते, केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकड्यांवर चढवून पाठवली, आणि त्यातलं पहिलं यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं. तीच भैरवी सोप्यातून स्वयंपाकघरात येईना, तर राऊटर देवाच्या फोटोपासून काढून मधल्या खोलीत उंचावर टांगावा. देव रागावत नाहीत.

आण्णा या सगळ्या काळात खुर्चीत बसून एकच मुद्दा मांडत असतात, आणि तो खोडून काढणं अवघड आहे. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, १४२८ क्युसेक पाणी सोडतो आणि पातळी उतरली की आपला आपण मिटतो. त्याला ॲप लागत नाही, ओटीपी लागत नाही, पुण्याला फोन करावा लागत नाही. "आणि ह्याला साधं भजन लावायला हिंजवडीची परवानगी!"

त्यांच्या समाधानासाठी स्पीकर पुण्याच्या खात्यावरून काढून कोल्हापूरच्या खात्यावर घेता येतो. पुण्याच्या ॲपमधून त्याची नोंदणी रद्द करायची, आण्णांच्या नावानं खातं उघडायचं आणि वरची सगळी कृती ठिपक्याच्या बटणापासून पुन्हा करायची. आण्णांचं खातं पूर्वी कोणीतरी उघडून ठेवलेलं निघतं, जुन्या नंबरवर. ओटीपी त्याच नंबरवर जातो. तो नंबर बंद नाही, रिचार्ज वेळच्या वेळी होतो, पण त्याचं सिम मळ्यातल्या मोटरीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये बसवलेलं आहे, म्हणजे रात्रपाळीची लाईट आली की घरबसल्या फोन लावून उसाला पाणी सोडता येतं. ओटीपी तिथे, नदीकाठच्या पेटीत, वेळेवर आणि बिनचूक पोहोचतो. पावसाळ्यात पाणी चढायच्या आत मोटर आणि पेटी सोडवून गावातल्या पाहुण्यांच्या माडीवर नेऊन ठेवतात, त्यामुळे खातेबदलाचं काम पेटी माडीवर असतानाच, दसऱ्याच्या आत उरकावं. पाहुण्यांना आधी फोन करून जावं. सिम काढायला पिन लागते, ती त्यांच्याकडे नसते.