निराधार घरमालकाचा गौरव

वांगणी ठाणे जिल्ह्यात आणि शेलू रायगड जिल्ह्यात. लोकलने मधलं अंतर पाचेक मिनिटांचं. पण 'निराधार'चे पैसे घेणारा दिव्यांग माणूस वांगणीची भाड्याची खोली सोडून शेलूला स्वतःचं घर घेतो म्हणाला, की तो अंबरनाथ तहसिलीतून कर्जत तहसिलीत जातो आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना सोडून अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांचा होतो. अलिबागला या लाइनवरून गाडी नाही. एवढं ठाऊक असूनही जो बुकिंगचा चेक फाडतो, त्याचा मूर्खपणा सामान्य म्हणता येणार नाही. त्याचा व्हावा तसा गौरव अद्याप झालेला नाही, म्हणून हा लेख.

आधी हिशेब. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये मिळतात. त्याआधी 1,500 होते. शेलूतल्या घराचा सरकारमान्य भाव म्हणून गिरणी कामगारांसाठी ठरलेला आकडा घेऊ: सरकारी मदत वजा जाता साडेनऊ लाख. अनुदानातला एक पैसाही न खाता, न पिता, न रिचार्ज करता बाजूला टाकला, तर 31 वर्षं 8 महिन्यांत घर आपलं. जुन्या दराने हेच व्हायला जवळजवळ 53 वर्षं लागली असती. म्हणजे एका फटक्यात सरकारने माणसाची 21 वर्षं वाचवली, आणि तरी लोक सरकारला नावं ठेवतात!

इतकं थांबायची ज्याची तयारी नाही तो बँकेत जातो. साडेनऊ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत; हप्ता साधारण 8,250 रुपये. वर्षाचे झाले 99 हजार. आता 'निराधार'ची अट पाहा: दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. बँकेचं म्हणणं, हप्ता मिळकतीच्या निम्म्याच्या आसपास असावा. म्हणजे वर्षाला दोन लाख तरी दाखवा. प्रधानमंत्री आवास योजना म्हणते, तीन लाखांपर्यंत तुम्ही दुर्बल घटकच, संकोच नको. एकाच राज्यात, एकाच माणसाला, एकाच महिन्यात, पेन्शनपुरतं दरिद्री, कर्जापुरतं सुखवस्तू आणि घरापुरतं दुर्बल असता येतं. अद्वैत समजायला लोक हिमालयात जातात. त्यांनी कर्जतच्या सेतू केंद्रासमोरच्या रांगेत एक सकाळ उभं राहावं.

इथे भाऊ कामाला येतो. त्याची अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी असते, पगारपत्रक असतं. बँक त्याला सहकर्जदार करते आणि ओघाने तो सहमालक होतो. बँकेत भाऊ सख्खा असावा लागतो. तहसिलीत मात्र भाऊ नसलेला बरा, कारण रेशनकार्डावर तो दिसला की त्याच्या पगाराचा विषय निघतो. मग एका घरात दोन रेशनकार्डं, दोन गॅस आणि एक आई अशी वाटणी होते. फ्लॅट ताब्यात यायच्या आधीच कुटुंब विभक्त झालेलं असतं. इतकी कार्यक्षमता खाजगी क्षेत्रातही दिसत नाही.

सहमालकीचंच म्हणाल, तर इंग्लंडात म्हणे घराचा 10 ते 75 टक्के हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्याचं भाडं भरायचं, अशी योजना आहे. दीर्घकाळ अपंगत्व असलेल्यांसाठी तिची वेगळी शाखाही आहे. इंग्रज कल्पकतेत कमी पडला. आपल्याकडे टक्केवारी लिहावी लागत नाही. घर बँकेकडे गहाण, शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव भावाचं, म्हणून सभेतलं मतही त्याचं. दिव्यांग सहमालकाच्या वाट्याला मेंटेनन्स येतो, आणि दारावरच्या पाटीवर दुसरी ओळ.

कायदा मात्र त्याच्या पूर्ण बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 37 प्रमाणे घरांच्या योजनांत त्यांना 5 टक्के आरक्षण. आवास योजनेच्या सूचनांत तर दिव्यांगांना शक्यतो तळमजला द्यावा असंही आहे. शेलूत नव्या इमारती पाहून या. तळमजल्यावर गाड्या राहतात. माणसं पहिल्या मजल्यापासून सुरू होतात, आणि वीज गेली की लिफ्टपर्यंतच राहतात. सॅम्पल फ्लॅट मात्र देखणा. 30 चौरस मीटरमध्ये सोफा, टीव्ही, फुलदाणी, सगळं. व्हीलचेअर संडासात जाते. फक्त ती आत गेल्यावर दार लागत नाही. सेल्समनने यावर दिलेलं उत्तर आम्हाला फार आवडलं: "घरातलीच माणसं ना, काका!"

गिरणी कामगारांना हा मूर्खपणा साधला नाही. 1982 च्या संपातून गेलेली ही मंडळी. शासनाने 2024 मध्ये त्यांच्या हजारो घरांसाठी शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवलं, तर ते 9 जुलै 2025 ला आझाद मैदानावर जमले आणि मुंबईतच घर द्या म्हणाले. चाळीस वर्षं वाट पाहून माणूस शहाणा होतो तो असा. वांगणीतल्या दृष्टिहीन कुटुंबांना ही चैन नाही. तिथे अशी कितीतरी कुटुंबं आहेत. सकाळची लोकल पकडायची, पिना, कंगवे, मोबाईलची कव्हरं विकायची, नाणं बोटांत फिरवून दोनचं की पाचचं ते ठरवायचं आणि रात्री परतायचं. त्यांना मुंबईत घर द्या असं कुणी म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत. त्यांची झेप एक स्टेशन पुढे. आणि या विक्रीतून सुटणारे पैसे कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचे, हे आजवर त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बँक ते उत्पन्न धरत नाही, कारण कागद नाही. तहसिलीत ते धरलं जाईल या भीतीने कुणी बोलत नाही.

तेव्हा शेलूत बुकिंग करू इच्छिणाऱ्या दिव्यांग बंधू-भगिनींनी एवढंच करावं. 50 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि हयातीचा दाखला एका फायलीत ठेवावा. भावाचं पगारपत्रक, बँकेची पासबुकं आणि कराराची प्रत दुसरीत. दोन्ही फायली एकाच पिशवीत घालू नयेत. आणि शक्य असेल तर निवडणुकीआधी आमदारांना एकच प्रश्न विचारावा: घरासाठी गरिबीची रेषा तीन लाखांवर आहे, तर पेन्शनसाठी ती 50 हजारांवर का?